घोंगडीवरचा करंजी घाट

प्रमिला,

तुला माती देऊन परतलो तेव्हापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतायत. जणू मीच आजारी आहे. तुझ्या घरात हळू बोलायची कुणाला सवयच नाही, त्यामुळं तिथं ते आणखी विचित्र वाटलं. तू तर चहा विचारायचीस तोसुद्धा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. ‘वन्सं, च्या टाकू का आदी जेवताय?’ तिसऱ्या दिवसापर्यंत मी तिथं होते, तर चहा शेजारणी आणून द्यायच्या, आणि तो निमूटपणे समोर ठेवून निघून जायच्या.

मी दमले आहे गं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी चिडले तर तुला नवल वाटायला नको. आपलं ठरलं होतं की नाही? ईस्टर झाला की मी संडेस्कूलचा वर्ग सोडणार आणि तू एकटी सांभाळणार. दर रविवारी भिंगारहून एसटी धरायची, करंजी घाट उतरायचा, फाट्यावर उतरून चर्चपर्यंत उन्हातनं चालायचं, हे माझ्या गुडघ्यांनी कधीच नाकारलंय. तू म्हणाली होतीस, ‘बसा आता भिंगारला पंखा लावून. मी हाय ना.’ आणि काय केलंस? दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीसच नाही. अगं, वयानं मोठी मी, गोळ्या खाते मी, आणि पुढं गेलीस तू! रांगेत मधेच घुसायची तुझी खोड रेशनच्या दुकानापासूनची आहे, ती तिथंही सोडली नाहीस.

तिसऱ्या दिवसाची प्रार्थना झाली, लोक पांगले, तेव्हा पाळकसाहेब माझ्याजवळ येऊन बसले. भला माणूस आहे, त्यांना बोलायचं जड जात होतं. म्हणाले, ‘बाई, एवढ्या लांबून तुम्ही तरी किती दिवस येणार? आता मोबाईलवर बायबलचे धडे येतात. चित्रं हलतात, गाणी असतात, पोरांना आवडतं. आईबापांच्या ग्रुपवर टाकत जाऊ. वर्ग थांबवू या का?’ मग जरा थांबून म्हणाले, ‘आणि ती घोंगडी काढून ठेवू. चर्चच्या पंचांचं म्हणणं तुम्हाला माहीतच आहे. रविवारी सांगा मला.’

मी म्हटलं, सांगते. पण माझं मनात ठरलं होतं. हो म्हणायचं, मुलांचा निरोप घ्यायचा आणि दुपारच्या गाडीनं भिंगार गाठायचं.

ती घोंगडी! तिच्यावरून आपण जेवढं भांडलो तेवढं जमिनीवरून भाऊ भाऊ भांडत नसतील. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण, तू माझ्या धाकट्या भावाची, वसंताची बायको, सातवी पास. वर्ग माझा होता, तू मदतीला आलीस. माझी पद्धत ठरलेली. मुलांनी बायबल दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचं, मी पुस्तकाचं नाव, अध्याय आणि वचन म्हणायचं, ‘उघडा’ म्हटलं की पानं सळसळायची, आणि जो पहिलं बोट ठेवील त्याचं नाव फळ्यावर. माझ्या टेबलावर बाबांची शब्दसूची असायची. कुठला शब्द बायबलात कुठं कुठं आलाय ते सांगणारा तो जाडजूड ग्रंथ, बांधणी निखळलेला, मी टाके घालून धरून ठेवलेला. भिंतीवर पवित्र देशाचा नकाशा. मुलाला स्वतःचं पान स्वतः काढता आलं पाहिजे, असं माझं म्हणणं. उद्या कुणी येऊन म्हणेल, बायबलात असं लिहिलंय, तर याला म्हणता आलं पाहिजे, कुठं लिहिलंय, दाखव.

आणि तू भिंगारच्या बाजारातून एक जुनी करडी घोंगडी उचलून आणलीस. माझ्याच बरोबर गेली होतीस, मला वाटलं पांघरायला घेतेयस. तू ती वर्गात खिळ्यांना टांगलीस आणि जुन्या कॅलेंडरांतली, वह्यांच्या पुठ्ठ्यांवरची माणसं कापून, त्यांच्या पाठीला पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवून घोंगडीवर लावायला लागलीस. पॉलिश पेपर लोकरीला धरून राहतो, हे तुला कुणी सांगितलं देव जाणे. बेथलेहेमची मेंढरं तू वसंताच्या फाटक्या स्वेटरची केलीस. येशूला बघायला जक्कय ज्या झाडावर चढला ते झाड तू बाभळीचं केलंस. मी म्हटलं, ‘अगं, काट्यांत चढला असेल का तो?’ तू म्हणालीस, ‘लई वड आसंल तर मानूस काट्यातबी चढतंय.’

अर्धी मुलं दिवाळी झाली की आईबापांमागं उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत राहायला जायची, पाडव्याच्या आसपास परत यायची. मधल्या काळात शाळा बुडालेली, वाचायचं विसरलेली. मी नव्यानं बाराखडीपासून सुरू करायची आणि करवादायची. तू म्हणायचीस, ‘पुस्तक कोपीत भिजतंय वन्सं. गोष्ट न्हाई भिजत.’ मला राग यायचा. बोलायला काय जातंय! गोष्ट भिजत नाही, पण गोष्ट बदलते की. तुझा योना देवानं सांगितलेल्या निनवेला जायचा सोडून मुंबईला पळाला होता आणि तिथं वडापाव खात होता. मुलं हसून लोळायची, आणि पुढच्या रविवारी मी विचारलं की योना कुठं गेला, तर सगळी एका सुरात, ‘मुंबईऽऽ!’

तेही मी गिळलं. पण नकाशा नाही गिळता आला. तू घोंगडीवर लाल सुतळीनं एक रस्ता टाचलास. वरच्या टोकाला यरुशलेम, म्हणजे नगर. खाली उतरत यरीहो, म्हणजे पाथर्डी. मधे वळणं वळणं, तो करंजी घाट. निळ्या लुगड्याचा तुकडा लावून गालीलाचा समुद्र, म्हणजे मुळा धरण. मी म्हटलं, ‘प्रमिला, हे सरळ सरळ खोटं आहे.’ तू म्हणालीस, ‘वन्सं, यरीहो पोरांनी कुटं बघितलंय? घाट बघितलाय. तितं लुटत्यात, ह्ये त्यास्नी ठावं हाय.’

मग ती परीक्षा आली. नगरला सगळ्या संडेस्कूलांची मिळून व्हायची ती. शोमरोन्याची गोष्ट लिहा, असा प्रश्न होता. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या माणसाला लुटारू मारून टाकून देतात, मंदिराचा याजक बघून निघून जातो, तिथलाच सेवक लेवी बघून निघून जातो, आणि यहूदी ज्याला जवळही उभं करत नसत तो परका शोमरोनी थांबतो, त्याला उचलून उतारशाळेत नेतो, ती गोष्ट. आपल्या झाडून सगळ्या मुलांनी लिहिलं की तो माणूस नगरहून पाथर्डीला चालला होता आणि करंजी घाटात पडला. एकानं तर उतारशाळेच्या जागी घाटाखालच्या ढाब्याचं नाव घातलं आणि तिथं भाकरी चांगली मिळते अशी पुस्तीही जोडली. सगळ्यांना भोपळा. तपासणाऱ्यांनी पेपर मला परत दिले तेव्हा मला धरणी दुभंगावी असं झालं. मी भांडले त्यांच्याशी, म्हटलं, रस्ता चुकलाय, गोष्ट नाही चुकली. ते म्हणाले, भूगोल हाही विषयच आहे, बाई. खरं तर ते माझंच मत होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

गावात येऊन मी तुझ्यावर अशी कडाडले की वसंता उठून बाहेर गेला. तू आधी हसलीस, मग डोळ्यांना पदर लावलास, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या नापासांना गुलगुले करून घातलेस. त्यानंतर आपण कितीतरी रविवार एकमेकींशी मुलांमार्फत बोलत होतो. ‘काकीला सांग, खडू आण.’ ‘बाईस्नी सांग, खडू तितंच हाय.’ शेवटी मधली वाट निघाली. भिंतीवर दोन्ही राहिले, माझा नकाशा आणि तुझी घोंगडी. मुलांना मी बजावलं, परीक्षेत बाईंचा नकाशा, एरवी काकीचा. त्यानंतर मुलं पास व्हायला लागली.

एवढ्यावर मिटलं असतं. पण वसंता घाटात पडला.

हे तुला सांगायची गरज नाही, तरी लिहिते, कारण त्या दिवसाबद्दल आपण दोघी नीट कधी बोललोच नाही. गाडी घसरली, तो रस्त्याच्या कडेला पाय मोडून पडला, डोक्यातनं रक्त. त्याच वेळी आपल्याच चर्चची जीप नगरच्या सभेला चालली होती, आत आपले पंच. त्यांनी लांबूनच पाहिलं. कुणीतरी पिऊन पडलाय असं वाटलं, सभेला उशीर होत होता, पुढं गेले. तो वसंता आहे हे त्यांना माहीत नव्हतं, हे मी आजही मान्य करते. मग पाथर्डीला माल उतरवून परत निघालेला रिकामा टेम्पो आला, मिरजगावच्या सलीमभाईचा. ना ओळख ना पाळख. त्यानं वसंताला उचलला, हौद्यात गोणपाटं अंथरून निजवला, नगरला नेला, आणि आपण पोचेपर्यंत बाकावर बसून राहिला. त्याचा सदरा रक्तानं भरला होता. तू त्याला म्हणालीस, ‘दादा, सदरा द्या, धुवून देते.’ तो म्हणाला, ‘राहू दे वैनी, पहिले पेशंटचं बघा.’

तू पंचांना एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं होतं तू चर्चच्या दारात उभी राहून उद्धार करशील. त्याऐवजी तू कात्री घेतलीस. वसंता काठी घेऊन चालायला लागला त्या सुमाराला शोमरोन्याचा धडा आला, आणि घोंगडीवर घाटाच्या वळणावर एक निळा टेम्पो उभा राहिला. तोवर ठीक होतं. पण टेम्पोच्या पुढं, घाट चढून वर नगरकडं तोंड करून धावणारी एक पांढरी जीपही होती. मुलांनी विचारलं, ‘काकी, जीपमदी कोन?’ तू म्हणालीस, ‘आपुनच की.’

तू नाव घेतलं नाहीस. पण गाव ते, मुलांनी घरी जाऊन सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. पंच चिडले. चर्चमध्ये पोरांसमोर आमची बेअब्रू करता, एका टेम्पोवाल्याला आमच्यापेक्षा वर बसवता, असं म्हणाले. काढा ती घोंगडी, नाहीतर वर्ग बंद करा. पाळकसाहेबांनी दोन्हीकडं हात जोडले आणि विषय लांबवत ठेवला. लांबत लांबत तो आपल्या शेवटच्या भांडणापर्यंत आला.

ते भांडण अजून माझ्या डोक्यात चालू आहे. फोनवरच झालं. मी म्हटलं, ‘प्रमिला, टेम्पो ठेव, जीप काढ. वर्ग वाचेल. मी आता सोडून चाललेय, तुझ्या पाठीशी उभं राहायला कुणी नसेल.’ तू म्हणालीस, ‘जीप काडली तर मंग ऱ्हातं काय? एक पडलेला आन एक उचलनारा. आपुन कुटं ऱ्हायलो गोष्टीत?’ मी म्हटलं, ‘याजक आणि लेवी आहेत ना पुस्तकात.’ तू म्हणालीस, ‘पोरं इचारत्यात, याजक म्हंजे कोन? काय सांगू, दाडीवाला म्हातारा? मंग ती म्हनत्यात, लई वंगाळ म्हातारा हुता, आन मोकळी हुत्यात.’ मी आवाज चढवला. म्हटलं, ‘मुलं मोठी होऊन याच पंचांच्या घरांत सुना म्हणून जातील, याच मंडळीत बसतील. माणसाला कायमचं जीपमध्ये बसवून ठेवायचं हा कुठला धर्म?’ तू म्हणालीस, ‘ह्ये मातर खरं हाय तुमचं. बगते.’ आणि फोन ठेवलास.

त्या रविवारी माझा गुडघा सुजला होता, मी आले नाही. तू एकटीनं वर्ग घेतलास. आणि त्याच आठवड्यात वसंताचा फोन आला. त्याला नीट बोलताही येत नव्हतं. ‘अक्का, ही उठंना गं,’ एवढंच म्हणत होता.

माती द्यायला सलीमभाई आला होता, बायकोला घेऊन. तुला कुठं दिसलं म्हणा. दोघं कबरस्तानाच्या फाटकापाशी उभी होती, आत यावं की नाही अशी. वसंता काठी टेकत गेला आणि त्याला हाताला धरून आत घेऊन आला. सलीमभाईनं तीन मुठी माती टाकली. पंचांनीही टाकली. एक पंच तर हुंदके देऊन रडत होता, ते मी पाहिलं आणि मला त्याचा रागच येईना. एरवी मी राग सांभाळून ठेवणारी बाई, पण आता तेवढंही अंगात राहिलेलं नाही.

तर मग काल रविवार होता. मी निघाले. एसटीत जागा मिळाली नाही, घाटात उभ्यानं दांडीला लटकत होते. तुला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. चर्चमध्ये उपासना झाली, मोठी माणसं बाहेर पडली, आणि मी वर्गाच्या खोलीकडं गेले. मुलांना काय सांगायचं ते एसटीत जुळवून ठेवलं होतं. काकी प्रभूकडं गेल्या, बाईंचं वय झालं, आता मोबाईलवर धडे येतील, शहाण्यासारखं ऐकायचं. एवढंच.

मुलं माझ्या आधी आत बसली होती. कुणीही न सांगता त्यांनी तुझी पत्र्याची पेटी उघडून घोंगडी भरून टाकली होती. नगर, पाथर्डी, सुतळीचा घाट, खाली निजवलेला माणूस. निळा टेम्पो. मी सवयीनं म्हटलं, ‘हे सगळं काढा आधी.’ आणि मग मला दिसलं.

मी म्हटलं, ‘जीप उलटी लावलीय कुणी?’

पाडव्याला फडावरून आलेली ती सोनाली, वाचताना अडखळते ती, उभी राहिली. ‘उलटी न्हाई बाई. तशीच लावायची.’

‘अगं, ती नगरकडं चालली होती ना?’

‘गेल्ती,’ ती म्हणाली. ‘मागल्या रविवारी काकींनी वळवली. घाट वर चढून गेलं की वळायला जागा हाय म्हनल्या. जीपवाल्याला वर गेल्यावर वाटलं, आरं, आपुन बघायला पायजे हुतं. म्हनून वळला.’

मागनं दुसरी कोणी ओरडली, ‘पन पोचला न्हाई आजून!’

‘व्हय,’ सोनाली म्हणाली. ‘काकी म्हनल्या, पोचला का न्हाई ते पुडच्या टायमाला सांगते.’

मी तिथल्या तिथं सतरंजीवर बसले. गुडघ्यांचा विचारसुद्धा आला नाही. मुलं माझ्याकडं बघत होती, पुढचं मी सांगेन म्हणून. प्रमिला, मला ठाऊक नाही पुढचं. माझ्या पुस्तकात जीपवाला वळत नाही. याजक निघून जातो, लेवी निघून जातो, त्यांचं पुढं काय झालं ते कुठंच लिहिलेलं नाही. मी मुलांना तेच सांगितलं. म्हटलं, पुस्तकात नाही, तुम्हीच शोधा पाहिजे तर. आणि खरंच, सोनालीनं बायबल उचललं, डोक्यावर धरलं आणि म्हणाली, ‘म्हना बाई, कुटलं पान?’ मी अध्याय सांगितला. तिनं शोधलं. बोट ठेवून एक एक शब्द फोडत वाचलं, सगळी गोष्ट. मी तर रडत होते आणि ते लपवायचाही कंटाळा आला होता.

बाहेर पाळकसाहेब थांबले होते, दोन पंच बरोबर. ‘बाई, काय ठरलं?’

मी म्हटलं, ‘पुढच्या रविवारी वर्ग आहे.’

‘आणि घोंगडी?’

‘आत जाऊन बघा,’ मी म्हटलं. ‘जीपचं तोंड कुणीकडं आहे ते बघा आणि मग वाटलं तर काढा. मुलं आतच आहेत.’

दोघांतला एक आत गेला. तोच, हुंदके देणारा. बराच वेळ बाहेर आला नाही. मी थांबले नाही, माझी एसटी चुकली असती.

आता भिंगारला येऊन पडले आहे. पाय शेकतेय. पुढच्या रविवारी पुन्हा तो घाट आहे आणि त्याच्या पुढच्या रविवारीही, आणि तू पंख्याखाली बसवणार होतीस मला. त्याचा राग नाही गं. राग एवढ्याचाच आहे की जीप तू वळवलीस, माझ्या शब्दावरून वळवलीस, आणि मला सांगितलं नाहीस. सोमवार होता, मंगळवार होता. एक फोन करायला काय झालं होतं? ‘वन्सं, या आन बगा,’ एवढंच म्हणायचं होतंस. मी कुरकुरले असते, गुडघ्याचं नाव काढलं असतं, पण प्रमिला, मी आले असते.